निर्दोषत्वाची थकबाकी

न्यायालयाने एखाद्या आरोपीस निर्दोष म्हणून सोडले, की त्याच्यापुरता न्याय पुरा झाला असे आपण धरून चालतो. वर्तमानपत्रातील बातमी तेथेच संपते आणि वाचकाचे कुतूहलही तेथेच ओसरते. परंतु ज्याच्यावर तो प्रसंग गुदरला त्याचा दिवस त्यानंतरही उगवतच असतो. त्याला घरी परतावयाचे असते, सुटलेले काम पुन्हा हाती घ्यावयाचे असते, त्याच गल्लीतून आणि त्याच माणसांच्या समोरून जावयाचे असते. ज्या दिवशी त्याला धरून नेले त्या दिवशी तो जेथे होता, तेथे त्याला कोणी पुन्हा नेऊन उभे करू शकेल काय? आणि ते शक्य नसेल, तर मधल्या अंतराचे देणे कोणाच्या नावावर मांडावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा ‘दैव’ या एका शब्दात देऊन मोकळे होतो. ते उत्तर मला पुरेसे वाटत नाही. का वाटत नाही, हे दक्षिणेतील एका थोर नटाच्या जीवनकथेच्या आधाराने सांगण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

नोकरीच्या निमित्ताने जे मराठी बांधव तमिळनाडूत राहून गेले असतील, त्यांच्या कानांवर एम. के. त्यागराज भागवतर हे नाव कधी ना कधी पडले असेलच. १९१० साली मायावरम येथे एका सोनारकाम करणाऱ्या कुटुंबात जन्मलेला, तिरुच्चीत वाढलेला हा मुलगा केवळ गळ्याच्या बळावर रंगभूमीवर आला आणि १९३४ साली ‘पवळक्कोडी’ या चित्रपटातून पडद्यावर गेला. पुढच्या दहा वर्षांत त्याने जे वैभव पाहिले ते त्यापूर्वी कोणत्याही तमिळ नटाच्या वाट्याला आले नव्हते. १९३७ मधील ‘चिंतामणी’ आणि ‘अंबिकापती’, १९४१ मधील ‘अशोककुमार’, १९४३ मधील ‘शिवकवी’ असे एकामागून एक चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. त्यांच्या मानेवर रुळणाऱ्या केसांची नक्कल तरुण करीत आणि त्या केशरचनेला भागवतरांचेच नाव पडले होते. बालगंधर्वांची शालू-पैठणी महाराष्ट्राच्या घराघरांत जशी चर्चेचा विषय होती, तसा या गायकनटाचा रेशमी झब्बा आणि कानांतील हिरे तमिळ मुलखात होते, एवढे सांगितले म्हणजे मराठी वाचकाला त्या लोकप्रियतेची जात कळेल.

या वैभवाचा कळस म्हणजे ‘हरिदास’. सुंदरराव नाडकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९४४ च्या दिवाळीत प्रदर्शित झाला. आईबापांना घराबाहेर काढणारा एक विलासी पुरुष पश्चात्तापाने पोळून त्यांच्या सेवेत लीन होतो, ही त्याची कथा ऐकताना आपल्याला पुंडलिकाची आठवण झाल्यावाचून राहात नाही. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात या चित्रपटाने ओळीने तीन दिवाळ्या पाहिल्या. नायकाच्या नशिबी मात्र त्यांतली पहिलीच दिवाळी मोकळेपणी पाहणे होते.

‘हरिदास’ लागून महिना होतो न होतो तोच, नोव्हेंबर १९४४ मध्ये, मद्रासच्या वेपेरी भागात लक्ष्मीकांतन नावाच्या एका पत्रकारावर चाकूने हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. नटनट्यांच्या खासगी आयुष्याविषयी खरेखोटे छापून त्यावर जगणारे पत्र तो चालवीत असे. अशा पत्राचा परवाना रद्द करावा म्हणून भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन आणि दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांनी पूर्वी मद्रासच्या गव्हर्नरांकडे रीतसर दाद मागितली होती. आता त्या तिघांनाच खुनाच्या कटात गोवण्यात आले. १९४५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे खटला चालला. नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना ज्यूरीने बहुमताने दोषी ठरविले आणि त्यांना आजन्म हद्दपारीची, म्हणजे व्यवहारात जन्मठेपेची, शिक्षा झाली. उच्च न्यायालयातील अपीलही त्याच वर्षी फेटाळले गेले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले, तेथून ते फेरसुनावणीसाठी मद्रासला परत आले, आणि एप्रिल १९४७ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दोघांनाही निर्दोष ठरवून मुक्त केले.

या काळातील एक गोष्ट मला विलक्षण वाटते. नायक तुरुंगात, आणि त्याची छाया ब्रॉडवेच्या पडद्यावर रोज गाते आहे. लोक तिकीट काढून ते गाणे ऐकत आहेत, पुनःपुन्हा ऐकत आहेत. लोकांनी त्याला टाकले, असे या काळाविषयी तरी म्हणता येत नाही. त्यांनी पडद्यावरच्या हरिदासाला क्षणभरही अंतर दिले नाही. अंतर पडले ते तुरुंगाच्या दारातून बाहेर आलेल्या माणसाशी.

तोवर हातचे करार गेले होते. ‘उदयनन वासवदत्ता’ या चित्रपटात त्यांच्या जागी जी. एन. बालसुब्रमण्यम हे गायक आले होते. खटल्याच्या खर्चाने संपत्तीला मोठी गळती लागली होती. सुटकेनंतर भागवतरांनी स्वतःच्या निर्मितीचा पहिला चित्रपट काढला, तो ‘राजमुक्ती’. तो त्यांनी मद्रासला न घेता आपल्या पुण्यास, प्रभातच्या स्टुडिओत चित्रित केला. ज्या वास्तूत ‘संत तुकाराम’ तयार झाला तेथेच या दक्षिणी गायकाने आपले गेलेले आयुष्य परत मिळविण्याचा पहिला यत्न करावा, हा योगायोग आपणा मराठी माणसांना जवळचा वाटावा असा आहे. १९४८ साली ‘राजमुक्ती’ प्रदर्शित झाला आणि साफ पडला. १९५२ मधील ‘अमरकवी’ आणि ‘श्यामला’ यांनीही जुने दिवस परत आणले नाहीत. १९५७ साली त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘पुदु वाळ्वू’ आला आणि गेला. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती. १ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आतच, ते मद्रास येथे वारले. शेवटचा ‘शिवगामी’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० साली, पडद्यावर आला.

आता प्रश्न असा, की हा सर्वनाश कोणी केला? रागाच्या भरात आपण ‘समाजाने’ असे म्हणतो. परंतु जरा शांतपणे विचार केला तर हे उत्तर हाती राहात नाही. नटाची उपजीविका प्रेक्षकाच्या आवडीवर असते, आणि आवड हे कोणाचेही देणे नव्हे. ‘राजमुक्ती’चे तिकीट काढणे हे मद्रासच्या कोणत्याही नागरिकाचे कर्तव्य नव्हते. शिवाय त्या दोन-अडीच वर्षांत काळच पालटला होता. पार्श्वगायनाची पद्धत रुळल्यामुळे नटाला गाता आलेच पाहिजे ही अट उरली नव्हती. पौराणिक कथा आणि पन्नास-पन्नास गाणी यांच्या जागी संवादांचे युग येत होते. १९४९ चा ‘वेलैक्कारी’ आणि १९५२ चा ‘पराशक्ती’ हे त्याचे नगारे होते. भागवतर कधीच तुरुंगात गेले नसते तरी त्यांचा सूर्य कलणारच होता, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोडून काढता येणार नाही.

अमेरिकेतील एका अशाच प्रकरणाशी ताडून पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. रॉस्को आर्बकल हा मूकपटांच्या काळातील अत्यंत लोकप्रिय विनोदी नट. १९२१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे एका अभिनेत्रीच्या मृत्यूस कारण झाल्याचा आरोप त्याच्यावर आला. दोन ज्यूरींचे एकमत होईना. तिसऱ्या ज्यूरीने एप्रिल १९२२ मध्ये त्याला निर्दोष तर ठरविलेच, पण केवळ सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे, असे लेखी निवेदनही दिले. त्यानंतर सहाच दिवसांत चित्रपट-निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. ती त्याच वर्षाअखेर उठविण्यात आली खरी, परंतु पुढे त्याला दुसऱ्याच नावाने दिग्दर्शन करून पोट भरावे लागले. येथे बोट दाखवावयाला एक माणूस आहे, एक हुकूम आहे, एक तारीख आहे. मद्रासमध्ये असे काहीच नाही. कोणी बंदी घातली नाही, कोणी बहिष्कार पुकारला नाही. बोट दाखवावे तर कोणाकडे?

आणि भागवतरांच्या शेजारी कृष्णन उभे आहेतच. तोच आरोप, तोच निकाल, तोच तुरुंग आणि तीच मुक्तता. त्यांच्या पत्नी टी. ए. मथुरम् यांनी खटल्यासाठी जिवाचे रान केले. नाटकमंडळीच्या सोबत्यांनी ‘पैत्तियक्कारन’ हा चित्रपट काढून पैसा उभा केला. कृष्णन बाहेर आले ते पुन्हा लोकांना हसवू लागले. १९४९ मध्ये ‘नल्लतंबी’, १९५१ मध्ये स्वतःच्या दिग्दर्शनाखाली ‘मणमगळ’, असे त्यांचे काम १९५७ मधील मृत्यूपर्यंत चालू राहिले. तेव्हा खटल्यानेच माणूस बुडतो असाही नियम सांगता येत नाही. विनोदी नटाचे नाणे नव्या काळातही चालत होते, आणि त्याच्याभोवती त्याची जागा राखून ठेवणारी माणसे होती. हे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते.

‘जागा राखून ठेवणे’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत. आपणा सरकारी नोकरांना त्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. कर्मचारी निलंबित झाला तर मूलभूत नियम ५३ प्रमाणे त्याला निर्वाह भत्ता मिळतो. पदोन्नती समितीने त्याच्याविषयी केलेली शिफारस मोहोरबंद लिफाफ्यात ठेवली जाते. तो पूर्णपणे दोषमुक्त ठरला, की नियम ५४-ब खाली निलंबनाचा काळ कामावर असल्याप्रमाणे धरून पूर्ण वेतन व भत्ते द्यावयाचे असतात आणि तो लिफाफाही उघडला जातो. ज्या फायलींना आपण रुक्ष म्हणतो त्यांच्यात येथे एक मोठा नैतिक विचार दडलेला आहे. आरोप खोटा ठरला तर तो कधी झालाच नव्हता असे मानून हिशेब करावयाचा, आणि त्या माणसाच्या नावाची खुर्ची मधल्या काळात मनाने तरी रिकामी ठेवावयाची, असा तो विचार आहे.

तुरुंगातून निर्दोष सुटणाऱ्या सामान्य नागरिकासाठी मात्र असा नियम नाही. बिहारमधील रुदल साह यांना सत्र न्यायालयाने १९६८ साली निर्दोष ठरविले, आणि ते तुरुंगाबाहेर आले १९८२ साली. मुक्ततेच्या निकालानंतरची ही चौदा वर्षे! सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्यांना एकंदर ३५ हजार रुपये देवविले, आणि त्या निकालाने भरपाईचा एक मार्ग खुला झाला हे खरे. पण तो न्यायालयाच्या विवेकाचा मार्ग आहे, नागरिकाच्या ठरीव हक्काचा नव्हे. विधी आयोगाने २०१८ मधील आपल्या २७७ व्या अहवालात, चुकीच्या फौजदारी कारवाईला बळी पडलेल्यास भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क असावा अशी शिफारस केली. त्याप्रमाणे कायदा झालेला नाही. शासन आपल्या कारकुनाला जे देते ते आपल्या नागरिकाला देत नाही, ही विसंगती निदान आपणा कारकुनांच्या तरी मनाला टोचली पाहिजे.

तरीही सारे देणे शासनाच्या नावावर लिहून आपल्याला मोकळे होता येणार नाही. नियमाने जेवढे परत देता येते तेवढे पैशाच्या आणि पदाच्या रूपातच देता येते. एका कार्यालयात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. तेथील रोखपालावर अफरातफरीचा आळ आला. चौकशी तीन वर्षे चालली आणि तक्रार निराधार ठरली. थकबाकी पैन् पैचा हिशेब होऊन त्याच्या हाती पडली, वेतनवाढी लागल्या, ज्येष्ठताही राहिली. फक्त तिजोरीची किल्ली पुन्हा त्याच्याकडे आली नाही. त्याला तसे कोणी सांगितले नाही, कोणी तसा आदेशही काढला नाही. “कशाला उगाच?” एवढेच साहेब म्हणाले, आणि ते बहुतेकांना शहाणपणाचेच वाटले. तो गृहस्थ निवृत्त होईपर्यंत आवक-जावक नोंदवीत बसला. त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नसे. “निर्दोष सुटला, पण…” असे म्हणून लोक थांबत. त्या ‘पण’पुढे काय आहे हे कोणीच उच्चारीत नसे, आणि म्हणून त्याला त्याचे उत्तर कधी देताही आले नाही.

या ‘पण’ला विरोध करणे सोपे नाही, कारण त्याच्या पाठीशी काही तथ्य असते. अपराधी माणसेही पुराव्याअभावी सुटतात, हे आपण नित्य पाहतो. लक्ष्मीकांतनचा खून तर झालाच होता. तो कोणी केला हे न्यायालयात कधी सिद्ध झाले नाही, आणि त्याच्या मृत्यूचा न्यायही राहूनच गेला. निंदेवर पोट भरणारा असला तरी तो माणूस होता, आणि चाकू हे निंदेचे उत्तर नव्हे. मग समाजाने आपली शंका मनातून पुसूनच टाकावी काय? नोकरीविषयक निर्णयांतही ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ आणि ‘संशयाचा फायदा’ असा भेद केला जातोच की! परंतु सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मधील एका निकालात नमूद केल्याप्रमाणे, ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हे शब्द तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेला अथवा दंडसंहितेला ठाऊकच नव्हते. ते न्यायनिर्णयांतून पुढे आलेले आहेत. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने माणूस दोषी असतो किंवा निर्दोष असतो. मधली पायरी आपण आपल्या सोयीसाठी घडविलेली आहे.

शंका मनात येणे हे आपल्या हाती नसते; तिच्यावर अंमल करणे मात्र आपल्या हाती असते. मला वाटते, समाजाचे देणे नेमके येथे आहे. निर्दोष ठरलेल्या नटाला टाळ्या देण्यास आपण बांधलेले नाही. त्याचे गाणे आता रुचत नसेल तर उठून जाण्यास आपण मोकळे आहोत. परंतु गाणे रुचत नाही म्हणून उठणे आणि गाणाऱ्याच्या अंगाला तुरुंगाचा वास येतो म्हणून उठणे, यांत आकाशपाताळाचे अंतर आहे, जरी दोहोंमुळे गल्ल्यावर दिसणारा आकडा एकच असला तरी! ‘राजमुक्ती’च्या रिकाम्या खुर्च्यांपैकी किती पहिल्या कारणाने रिकाम्या होत्या आणि किती दुसऱ्या, हे आता कोणालाच सांगता यावयाचे नाही; ज्याची त्याची ती ज्याला त्यालाच ठाऊक. ज्या अन्यायाचा कर्ता सापडत नाही तो बहुधा असाच, थोडा थोडा करून, पुष्कळांनी मिळून केलेला असतो. म्हणून त्याचे देणेही थोडे थोडे करून पुष्कळांनीच फेडावयाचे असते. कोणी किल्ली परत द्यावी, कोणी पूर्वीप्रमाणे घरी जेवावयास बोलवावे, कोणी बोलता बोलता ‘पण’ या शब्दाशी न थांबता वाक्य ‘सुटला’ येथेच पुरे करावे. ही कामे कोणत्याही कायद्याच्या आवाक्यातील नाहीत, आणि ती करावयास कोणाच्या मंजुरीचीही गरज नाही.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळावे. बदलीच्या गावी आपल्याला कोणी ओळखत नसते. आपल्याविषयी जे आधी कानावर जाईल तेच आपण होऊन बसतो. तेथे शेजाऱ्याने पहिल्या दिवशी टाकलेला साधा विश्वास किती मोठा आधार असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला निर्दोष सुटून आपल्याच गावी परक्यासारख्या राहणाऱ्या माणसाची अवस्था समजावून सांगावी लागू नये.

तिरुच्चीमध्ये आज भागवतरांचे स्मारक आहे, आणि जुन्या पिढीच्या आठवणीत त्यांचे गाणे आहे. मृत्यूनंतर समाज उदार होतो, कारण मृताला किल्ली परत द्यावी लागत नाही. त्यांनी हयातीत पाहिलेल्या अखेरच्या चित्रपटाचे नाव ‘पुदु वाळ्वू’. त्याचा अर्थ होतो नवे जीवन. ते नाव वाचले की मन थबकते. खरोखर अपराध केलेल्याने नवे जीवन मागावे, हे योग्यच आहे. ज्याने अपराध केलेला नाही असे न्यायालय सांगते, त्याला नव्याचे काय करावयाचे? त्याला त्याचे जुनेच परत हवे असते.